एक पिढी मागे

ओळखीच्या एका छापखान्यात फर्म्यांची वाट बघत बसलो होतो. समोर बाइंडिंगचं यंत्र धडधडत होतं आणि त्यावर नाव होतं, म्युलर मार्टिनी. मालकांना म्हटलं, "हा मार्टिनी बंदुकाही करायचा, ठाऊक आहे का?" ते म्हणाले, "तरीच एवढा आवाज करतंय!"

चेष्टा सोडा, पण गोष्ट खरी आहे. फ्रीडरिश फॉन मार्टिनी जन्माने हंगेरीकडचा. कारखाना मात्र त्याने काढला स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्ड गावात, आणि तिथे पुस्तकबांधणीची यंत्रं बनायची. त्याच डोक्यातून रायफलीची एक कळ निघाली. चापामागची कडी खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडतं, काडतूस सारायचं, कडी वर घेतली की तोंड बंद. मूळ युक्ती हेन्री पीबडी या अमेरिकनाची, ती मार्टिनीने सुधारली. नळी एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची. १८७१ साली ब्रिटिश फौजेने ही रायफल स्वीकारली आणि दोघांची नावं जोडून तिला मार्टिनी-हेन्री म्हणू लागले.

काडतूस तिसऱ्याच माणसाचं होतं. त्याचं नाव रायफलीवर आलं नाही. एडवर्ड बॉक्सर हा तोफखान्यातला अधिकारी वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख होता. रायफलींवर प्रेम करणारी माणसं पुष्कळ भेटतात. मला ओढ आहे ती या काडतुसाची. त्याचा माग काढत गेलं की वुलविच, पाटणा, खडकी, कंदाहार असा सगळा मुलूख लागतो, आणि कोणाच्या हातात काय द्यायचं याचा सरकारी हिशेब वाटेत जागोजागी उघडा पडलेला दिसतो.

काडतूस म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर येते ती पितळेची अखंड नळी. बॉक्सरचं काडतूस तसं नव्हतं. अगदी पातळ पितळी पत्र्याची पट्टी दांडीवर गुंडाळायची, आतून कागदाचं अस्तर द्यायचं, बुडाला वाटी बसवायची, तिच्याखाली लोखंडी चकती आणि मधोमध दारू पेटवणारी टोपी. आत ८५ ग्रेन काळी दारू. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे दारू अर्ध्या तोळ्याहून किंचित कमी. तिच्यावरची गोळी ४८० ग्रेनची, अडीच तोळ्यांच्या वर शिसं. निव्वळ शिसं मऊ, नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, फासलं जातं, म्हणून १२ भाग शिशाला १ भाग कथील घालत. गोळीला पांढऱ्या कागदाचा वेढा, आणि गोळी नि दारू यांच्यामध्ये मेणाची चकती. बार उडाला की मेण नळीला लागायचं आणि मागची काजळी मऊ राहायची. एवढा सगळा संसार बोटभर लांबीत! वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. सत्तर काडतुसं अंगावर बाळगणाऱ्या शिपायाला तीन किलोंच्या वर ओझं नुसतं त्यांचंच व्हायचं.

दारूचं प्रमाण जुनंच होतं: सोरा ७५, कोळसा १५, गंधक १०. कोळसा कुठेही होतो, गंधक विकत मिळतो, अडतं ते सोऱ्यावाचून. तो मिळायचा बिहारात. तिथले नोनिया लोक खारट झालेली माती खरवडून, पाण्यात विरघळवून, आटवून सोरा काढत, आणि तो पाटण्याहून गंगेमार्गे कलकत्त्याला आणि तिथून इंग्लंडला जात असे. इंग्लंडची दारू पिढ्यानपिढ्या या मातीवर चालली. आपल्याकडे मुंबईत माझगावला कंपनीचा दारूचा कारखाना होता. तिथल्या रस्त्याचं नाव अजून गनपावडर रोड आहे आणि त्यावरून रोज जाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसांच्या बुडावर पुढे 'के' आणि 'एफ' ही अक्षरं ठोकली जाऊ लागली, मध्ये सरकारी मालाची खूण म्हणून बाण. 'के' म्हणजे किर्की, इंग्रजांची खडकी.

काळ्या दारूचा दोष असा, की ती जळून निम्म्याहून कमीच वायू होतो. बाकीचं घन स्वरूपात मागे राहतं. थोडं नळीत काजळी होऊन बसतं, थोडं पांढरा धूर होऊन समोर पसरतं. वारा पडलेला असेल तर दोन-चार फैरी झाडल्यावर शत्रू कुठे आहे हे शिपायाला दिसत नाही, आणि शिपाई कुठे आहे हे मात्र शत्रूला कोसभरावरून कळतं. शिवाय धक्का. मार्टिनी-हेन्री खांद्यावर अशी लाथ मारायची की दिवसभर लढलेल्यांचे खांदे काळेनिळे पडत. नळी तापली की हात लावता येत नसे, म्हणून तिच्याभोवती कातडं शिवून घेत.

गुंडाळलेला पत्रा मुळात घेतला कशाला? स्वस्त पडतो म्हणून. आणि त्यात एक हुशारीही होती. बार उडताना दाबाने गुंडाळी किंचित सुटते, नळीच्या भिंतीला गच्च बसते आणि मागे वायू येऊ देत नाही. पण ही हुशारी थंड इंग्लंडात चालते. नळी तापलेली, आत काजळी, वर रेती, अशा वेळी तोच पत्रा भिंतीला धरून बसतो. काढणीचा आकडा बुडाची लोखंडी चकती ओढतो, चकती निघून हातात येते आणि पत्रा आतच राहतो. मग शिपायाने गज घालून तो ठोकून काढायचा. समोरून माणसं धावत येत असताना.

बॉक्सरच्या नशिबाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याने काडतुसात टोपी बसवायची जी पद्धत काढली ती आज अमेरिकेत घरोघरी चालते, आणि हायरम बर्डन या अमेरिकनाची पद्धत युरोपातल्या फौजांनी उचलली.

आता या काडतुसाच्या नावाकडे बघा: ५७७/४५०. गोळी ०.४५० इंचाची, मग ५७७ कुठून आलं? हेन्रीचं मूळ काडतूस सरळ आणि लांबलचक होतं. मार्टिनीच्या कळीत ते नीट बसेना. मग उंची कमी करून पोट फुगवलं आणि मान आवळली. हे पोट आधीच्या स्नायडर रायफलीच्या काडतुसावर बेतलेलं, आणि स्नायडर म्हणजे जुन्या एनफिल्डचं मागचं टोक कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलेली बंदूक. एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची. ज्या काडतुसावरून १८५७ पेटलं, ते याच नळीचं.

चरबीची हकीकत शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. जानेवारीत डमडमला कुजबूज, मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे, एप्रिलमध्ये मेरठच्या कवायतीत ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घ्यायला दिलेला नकार. ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरात मुंबई फौजेची २७वी पलटण उठली. मला जास्त बोलकं वाटतं ते त्यानंतरचं. बंड मोडल्यावर सरकारने काळ्या पलटणींसाठी एक खास बंदूक तयार करवली. दिसायला एनफिल्ड, पण नळी खरवडून ०.६५६ इंचांची केलेली आणि आतले आटे नाहीत. नेम लांबवर लागतो तो या आट्यांमुळे, गोळीला फिरकी तेच देतात. बंदूक सुधारायला माणसं आयुष्य घालवतात, इथे ती बिघडवायला पैसे मोजले! शिपाई तोच, कवायत तीच, पण त्याची गोळी गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी दूर जाता कामा नये. तोफा तर थोड्या डोंगरी बॅटऱ्या वगळता काळ्यांच्या हातून काढूनच घेतल्या.

हाच पुढे रिवाज झाला. गोऱ्यांकडे स्नायडर, तेव्हा काळ्यांकडे ठासणीची. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली, मग त्यांची स्नायडर काळ्यांकडे. घरोघरी थोरल्याचे कपडे धाकट्याला यायचेच, पण धाकटा वाढतो आणि एक दिवस थोरल्याला गाठतो. इथे अंतर मुद्दाम राखलेलं होतं. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनने शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना, गोऱ्याला माफी. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन उठले. ते पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. फौजेच्या खर्चाचे कागद रोज हाताखालून जाणाऱ्या माणसाला समोर कोणत्या बंदुका येणार हे कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी उठले.

त्याच १८७९ साली, २२ जानेवारीला, दक्षिण आफ्रिकेत इसंडल्वाना इथे सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांची छावणी कापून काढली. तेराशेच्या वर माणसं गेली. मार्टिनी-हेन्री हातात असताना हे झालं कसं, याचं उत्तर बरीच वर्षं काडतुसांच्या पेट्यांवर ढकललं गेलं. सहाशे काडतुसांची जड लाकडी पेटी, आत कथलाचा पत्रा, स्क्रूने पक्कं केलेलं झाकण, आणि आपल्या पलटणीखेरीज कोणाला माल न देणारा कोठीवाला. स्मिथ-डोरियन नावाचा तरुण अधिकारी त्या दिवसातून वाचला. दुसऱ्या पलटणीची पेटी उघडताना कोठीवाल्याने आपल्याला हटकलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. प्रसंग खरा असेल, पण सबब पुरत नाही. सरकत्या झाकणाला स्क्रू एकच असायचा आणि दस्त्याचा एक तडाखा दिला की झाकण निघायचं. शिपायांची रांग छावणीपासून फार दूर आणि फार विरळ पसरली होती, हे खरं कारण. पेटीला दोष दिला की सेनापतीचं नाव घ्यावं लागत नाही. त्याच संध्याकाळपासून पहाटेपर्यंत रोर्क्स ड्रिफ्टला दीडशेच्या आतली माणसं तीन-चार हजारांना पुरून उरली, कारण मध्ये पोत्यांची भिंत होती आणि पेट्या पाठीशीच होत्या. वीस हजारांच्या साठ्यातली नऊशेच्या आसपास काडतुसं सकाळी शिल्लक होती म्हणतात.

मैवंदची लढाई मात्र आपल्या घरची. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. मुंबई फौजेचा ब्रिगेडियर जॉर्ज बरोज सुमारे अडीच हजार माणसं घेऊन अफगाण सरदार अयूबखानावर गेला आणि समोर त्याच्या कितीतरी पट फौज निघाली. बरोजकडे गोरी पलटण एकच, ६६वी बर्कशायर, आणि तिच्या हातात मार्टिनी-हेन्री. बाकीचं पायदळ म्हणजे मुंबईचे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. या दोघांच्या हातात स्नायडर. मुंबई फौजेत तेव्हा कोकणातले नि देशावरचे मराठे, महार, बेने इस्रायल, मुसलमान, परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी अशी सगळी मंडळी असत. एकाच रांगेत, एकाच उन्हात उभ्या असलेल्या शिपायांच्या कमरेला दोन पिढ्यांची काडतुसं होती. एकाचं दुसऱ्याच्या बंदुकीत जात नाही, म्हणजे शेजारचा पडला तर त्याचं पुडकंही उपयोगाचं नाही. आणि अफगाण पायदळाच्या हातात एनफिल्ड होत्या. त्यातल्या बऱ्याच इंग्रजांनीच आधीच्या अमीराला भेट दिलेल्या.

स्नायडर दिली म्हणून मैवंद हरलं, असं मी म्हणणार नाही. अयूबखानाच्या तोफा तीस आणि बरोजच्या बारा. समोर कोरडा नाला होता. त्याच्या आडोशाने अफगाण अगदी जवळ येऊन ठेपले. पाणी नव्हतं, तास न् तास उन्हात आडवं पडून राहायचं होतं. जेकब्ज रायफल्समध्ये नवशिके पुष्कळ. डाव्या टोकाच्या त्यांच्या दोन कंपन्या तोफांच्या माऱ्याखाली मोडल्या, ग्रेनेडियर्सवर लोटल्या, आणि मग रांगच गुंडाळली गेली. ६६वीची काही माणसं खिग गावातल्या बागांमधून मागे सरत लढली. शेवटच्या बागेत अकरा जण उरले आणि ते बाहेर पडून लढत मेले, ही हकीकत एका अफगाण अधिकाऱ्याच्या तोंडून विलायतेत पोचली आणि तिची चित्रं निघाली. त्या गोऱ्यांबरोबर बाँबे सॅपर्सची, म्हणजे पूल-खंदकांची कामं करणाऱ्या शिपायांची, अर्धी कंपनी होती, ज्यांचं ठाणं आपलं खडकी. त्यांचा लेफ्टनंट हेन आणि त्याचे सॅपर तिथेच पडले. चित्रांत ते शोधावे लागतात. एकूण साडेनऊशेच्या वर माणसं मेली. त्यांत ग्रेनेडियर्स बर्कशायरवाल्यांपेक्षा जास्त होते.

खापर फुटलं ते मुंबई फौजेवर. नाला कोणी पाहिला नाही, तोफा कमी का होत्या, हे बाजूला राहिलं आणि दक्षिणेकडचा शिपाई लढवय्या नाही, उत्तरेकडचा लढवय्या, हे मत पक्कं होत गेलं. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती झाल्यावर त्याचं धोरण झालं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. आता जुनं काडतूस नको की नवं नको, बंदूकच नको. दापोलीला राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. आमच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारसाठी कुठे कुठे रक्त सांडलं याची याद त्यात दिली. त्या बंदीचा मैवंदशी थेट धागा जोडणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. रॉबर्ट्सची मतं आधीपासून तशीच होती. मैवंदने त्याला दाखला मिळाला.

दरम्यान बॉक्सरच्या गुंडाळलेल्या पत्र्याचा निकाल सुदानात लागला. १७ जानेवारी १८८५, अबू क्ली. रेती आणि ऊन. चौकोन करून उभ्या राहिलेल्या गोऱ्यांच्या बंदुका ऐन वेळी अडकल्या, गार्डनर मशिनगनही अडकली, आणि चौकोन एका कोपऱ्यात फुटला. कर्नल बर्नबी तिथेच पडला. विलायतेत ओरड झाली आणि ओढून घडवलेली अखंड पितळी काडतुसं फौजेत आली. झुलूलँडपासूनच्या तक्रारींनी जे झालं नव्हतं ते या एका लढाईने झालं.

पण हे पक्कं काडतूस जेमतेम रुळतंय, तोवर मार्टिनीचा जमानाच संपत आला होता. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू काढली, १८८६ साली लेबेल रायफल आली आणि बाकीच्या सगळ्या बंदुका एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. इंग्रजांनी १८८८ मध्ये थ्री नॉट थ्री घेतली. गंमत म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेली ही थ्री नॉट थ्रीसुद्धा जन्माला आली ती काळ्या दारूवरच. दाबून घट्ट केलेली काळी दारू तिच्या काडतुसात भरत. कॉर्डाइट, म्हणजे इंग्रजांची बिनधुराची दारू, तीन-चार वर्षांनी आलं. गोऱ्या पलटणींना ली-मेटफर्ड, म्हणजे हीच थ्री नॉट थ्री, मिळाली आणि रिवाजाप्रमाणे त्यांची मार्टिनी-हेन्री हिंदी पलटणींकडे उतरली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी समाना डोंगरावरच्या सारागढी चौकीत ३६व्या शीख पलटणीचे २१ जण हजारोंशी शेवटपर्यंत लढले, ते मार्टिनी-हेन्री घेऊन, काळ्या दारूच्या धुरात. त्याच मोहिमेत गोऱ्यांच्या बंदुकांमधून धूर येत नव्हता.

मार्टिनीचं पुढचं आयुष्य पोलीस, संस्थानं आणि सरहद्दीवरच्या दऱ्यांत गेलं. तिथल्या दर्रा आदमखेल गावच्या लोहारांनी तिच्या नकला इतक्या केल्या की बादशाही शिक्क्यासकट खोट्या बंदुका आजही सापडतात. नेपाळच्या राणांनी आपल्याकडचा जुना साठा काठमांडूत लगन सिलेखान्यात ठेवला होता. २००३च्या सुमारास तो अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी उचलला आणि हजारो मार्टिनी हौशी लोकांच्या घरी गेल्या. काडतूस मात्र सहज मिळत नव्हतं. मग ही मंडळी २४ बोअरच्या पितळी छऱ्याच्या काडतुसाला साच्यात घालून मान आवळतात, कातरतात, आणि बॉक्सरचं पोट पुन्हा तयार करतात. कागद गोळीभोवती हाताने गुंडाळायचा. हे काम सुटीच्या दिवशी मजेखातर करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, थोडी असूयाही. आपल्याकडे रिकाम्या पुंगळीलाही कोणी हात लावू देत नाही.

हिंदी शिपाई आणि गोरा शिपाई यांचं काडतूस एक व्हायला १९१४ उजाडलं. तोवर दोघांकडेही थ्री नॉट थ्री आली होती, पण हिंदी पलटणींकडे जुन्या जातीची. सप्टेंबरच्या अखेरीस लाहोर डिव्हिजन मार्सेलच्या बंदरावर उतरली. तिथे शिपायांच्या जुन्या रायफली जमा करून घेतल्या आणि मार्क सात जातीचं नवं काडतूस चालेल अशा नव्या वाटल्या. यात कसला उदारपणा नव्हता. फ्रान्समध्ये माल एकाच जातीचा यायचा, आणि खंदकात कोण कोणाच्या शेजारी उभा राहील हे सांगता येत नव्हतं. नव्या बंदुकीचा हात बसायला काही आठवडेच मिळाले. २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात ४७व्या शिखांबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या घातल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं पायदळ म्हणून गेली, कारण पायदळ पुरत नव्हतं. ते गावात शिरले, घराघरांतून संगिनीने लढले आणि मदत न आल्याने मागे आले. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी सगळेच्या सगळे मेले किंवा जखमी झाले. पुढचे काही दिवस त्या कंपन्यांना हुकूम द्यायला आपले सुभेदार-जमादारच होते.